फडताळाची डावी बाजू

४ सप्टेंबर

प्रिय लंबू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. मावशीचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण मावशी त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, तेव्हा काळजीचं कारण नाही. तुझ्या लेकीचा पुढचा दात पडल्याचं वाचलं. नवा दात वाकडा यायला लागला तर आधी मला कळव. दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काम करून घरच्यांना एवढा तरी उपयोग व्हावा.

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगतं आणि हे पेनही धड नाही. ईमेलला ईमेलनेच उत्तर द्यायला हवं होतं, कळतं मला. दोन-तीनदा बसलेसुद्धा, पण टाईप करताना फार खोडाखोड होते. शेवटी म्हटलं, कागद बरा.

तुझं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुला दिसेल. तू आणि टिंगूने मिळून केलेलं फडताळ तुला आता साधं करायचं आहे. कंप्युटरवरच्या फायली बघायच्या, इकडच्या तिकडे न्यायच्या, नको त्या पुसायच्या, एवढंच खरं तर त्याचं काम. डावीकडे एक खण, उजवीकडे एक खण. एकातून उचलायचं, दुसऱ्यात ठेवायचं. पण त्या एवढ्याशा कामाभोवती आमच्या टिंगूने शे-सव्वाशे सेटिंग्ज लावून ठेवल्या. कुठलं बटण काय करेल, खण किती रुंद, अक्षर केवढं, टिचकी एकदा की दोनदा. नवा माणूस ते उघडतो, बावचळतो आणि बंद करतो. तुला त्यातल्या आठ-दहा ठेवून बाकीच्या काढून टाकायच्या आहेत. टिंगूचा अर्धा वाटा आता बहीण म्हणून माझ्या नावावर आहे, म्हणून माझी सही लागते, आणि ती तुला महिनाअखेरपर्यंत हवी आहे. बरोबर ना?

तुझं चुकतंय असं मी म्हणणार नाही. ते निवृत्त ग्रंथपाल आठवतात का तुला? त्यांचा फोन मीच घेतला होता. "तुमच्या फडताळाचा उजवा अर्धा भाग नाहीसा झालाय," म्हणाले, अगदी चोरीची तक्रार द्यावी तसे. टिंगूने फोन हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "काका, उजव्या कडेला एक बारीक रेघ दिसतेय का? ती धरा आणि हळूच आत ओढा." मग काका म्हणाले, "आलं. पण मी हे केलं कधी?" फोन ठेवल्यावर टिंगू हसत सुटला आणि मग त्याने स्वतःच्या पडद्यावर ती रेघ ओढून पाहिली. त्यालाही कळत होतं. जे हलवता येतं ते चुकूनही हलतं.

तुमचं ते शेवटचं भांडण आमच्याच पुढच्या खोलीत झालं, त्यामुळे मला ते सगळं पाठ आहे. तू म्हणालास, "टिंग्या, हे सॉफ्टवेअर राहिलं नाही आता, तुझं खाजगी कपाट झालंय." तो म्हणाला, "दुसऱ्याने त्याच्या घरात चमचे कुठे ठेवायचे हे सांगणारे आपण कोण?" तू म्हणालास, "अरे, पण आधी त्याला घरात शिरायचं दार तर सापडू दे." मावशी मध्येच चहा घेऊन आली आणि म्हणाली, "चमचे पुढच्या खणात आहेत, भांडू नका." त्यावर कुणीच हसलं नाही, तेव्हा मला कळलं की हे प्रकरण मिटणारं नाही.

तू जाताना आणखीही एक वाक्य बोललास. ते आज लिहीत नाही.

माझी अडचण एवढीच आहे की टिंगूचा कंप्युटर आता मी वापरते. दवाखान्यातले एक्स-रे पेशंटप्रमाणे लावायचं काम मी दोन्ही डॉक्टरांना विचारून घरी आणते. तिथला कंप्युटर फार हळू चालतो. टिंगूने लावून ठेवलेली बटणं मला सवयीची झाली आहेत. तुझी नवी आवृत्ती तू चाचणीसाठी पाठवलीस तेव्हापासून ते रोज सकाळी विचारतं, नवी आवृत्ती तयार आहे, बसवू का? खाली दोन चौकटी, 'आता' आणि 'नंतर'. मी 'नंतर' दाबते. दाबून झाल्यावर पुन्हा बघते, नक्की 'नंतर'च दाबलं ना. गॅस बंद केलाय की नाही ते दारातून परत जाऊन बघावं, तसं. मावशीला सांगून ठेवलंय की त्या चौकटींना हात लावायचा नाही. ती म्हणते, "मला काय करायचंय तुमच्या चौकटींशी." पण तिला टिंगूचे फोटो बघायचे असतात आणि मी घरी नसते तेव्हा ती त्या खुर्चीत बसते, हे मला उशीच्या खळग्यावरून कळतं.

टिंगूला जाऊन येत्या हिवाळ्यात वर्ष होईल. त्याच्या कपड्यांचं मी आवरलं, पुस्तकांचं आवरलं, तेव्हा फारसं काही वाटलं नाही. मग ही बटणं काढायला मन का तयार होत नाही, ते मला सांगता येत नाही. थोडा वेळ दे. घाई करू नकोस.

तुझी,
डावरी ताई
(अजून तसंच म्हणतोस ना? टेबल टेनिसमधली माझी सर्व्हिस तुला शेवटपर्यंत परतवता आली नाही, म्हणून ठेवलेलं नाव.)


१६ सप्टेंबर

प्रिय लंबू,

आशीर्वाद. परवा फोनवर मी तुझ्याशी नीट बोलले नाही, म्हणून हे पत्र. ओरडलेही असेन. मावशी म्हणते ओरडलीस. तुझ्या बायकोने ऐकलं असेल तर तिला सांग, ताई एरवी अशी नाही.

झालं असं. मी दवाखान्यातून आले तर मावशी टिंगूच्या खुर्चीत बसलेली, चष्मा नाकाच्या टोकावर आणि चेहरा असा की बक्षीस मिळालंय.

"बघ गं," म्हणाली, "मी सापडवले सगळे फोटो. एकटीने."

मी विचारलं, "कसे?"

"कसे म्हणजे? ते विचारत होतं बसवू का, म्हटलं बसव बाबा एकदाचं. रोज रोज दारात उभं राहून विचारणाऱ्याला किती वेळा नंतर ये म्हणायचं? बसलं आणि सगळं कसं लख्ख झालं. हा डावीकडे फोटोचा खण. त्यावर टिचकी मारली की उघडतोय. इतके दिवस मी मेली कुठे बोट ठेवलं की भलतंच व्हायचं."

मी पिशवी खाली ठेवून पुढे झाले. पडद्यावर तुझं नवं फडताळ होतं. स्वच्छ, मोकळं, मोठाले खण. लंबू, खरं सांगते, चांगलं झालंय ते. मावशीला टिंगूचा तो फोटो सापडला होता, ज्यात तुम्ही दोघं पहिल्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसला आहात आणि बसूनही तू त्याच्यापेक्षा हातभर उंच दिसतोस. आठ-दहा महिने तिला तो हवा होता. मला म्हणायला लाज वाटत होती तिला, की दाखव म्हणून. आणि तुझ्या साध्या फडताळाने तिला तो एका टिचकीत दिला. हे मी तुझ्या बाजूने मान्य करते.

पण मग मी खुर्चीत बसले आणि एक्स-रे लावायला घेतले. कॉपीचं बटण जागेवर नाही. पुसायचं नाही. पूर्वी उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर टिंगूने सगळं आणून ठेवलं होतं. आता एक बटण डाव्या हाताने दाबून धरायचं आणि दुसरं उजव्याने मारायचं, जसं सगळीकडे असतं. दोन-तीन वेळा प्रयत्न केला. एका पेशंटचा एक्स-रे दुसऱ्याच्या खणात जाऊन पडला. तो शोधून परत आणेपर्यंत घाम फुटला मला. दाताची मुळं दिसणारे ते काळे-पांढरे फोटो सगळे सारखेच दिसतात, तुला काय सांगू. चुकीच्या माणसाचा चुकीचा दात उपटला जाईल, हीच भीती डोक्यात. तेव्हा तुला फोन लावला.

तू म्हणालास, "ताई, जुनं काही पुसलेलं नाही. टिंग्याच्या सगळ्या सेटिंग्ज मी बाजूला एका फोल्डरमध्ये ठेवल्यात. ते आपोआप होतं, मीच तसं लिहिलंय." आणि तू सांगत गेलास तसं करत गेले आणि सगळं जागेवर आलं. तेव्हा मी तुझे आभार मानायला हवे होते. मी फोन ठेवून दिला. तू नवीन बांधताना जुनं हळूच उचलून बाजूला ठेवलंस आणि कुणाला सांगितलंही नाहीस, याचं मला नंतर फार वाटलं.

फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, पत्रातलं अक्षर कुणाचं, मावशीकडून लिहून घेतलंस का. पेनाचं सांगितलंच होतं मी. दुसरी, "तुला कशाला लागतात गं त्याच्या बटणांच्या जागा?" मी म्हटलं, सवय. तू म्हणालास, "सवय दोन आठवड्यांत मोडते."

तुला एक सांगायचं राहिलं आहे, माझ्याबद्दल नाही, टिंगूबद्दल. तो असताना त्याने मला शब्दात बांधून ठेवलं होतं आणि तो गेल्यावर तू इतका रडलास की सांगवेना.

तुला वाटतं त्याला त्रास सुरू झाला तो शेवटच्या वर्षात. तसं नाही. तुमचं भांडण झालं त्याच्या बरंच आधी त्याची डावी करंगळी उठेनाशी झाली होती. दुखत नव्हती. नुसती सांगितलेलं ऐकत नव्हती. त्याने पहिलं बटण हलवलं ते करंगळीखालचं. मग अनामिका. मग तळहात टेकवून ठेवायला लागला तेव्हा डावीकडची सगळी बटणं उजवीकडे आली. तू चिडायचास ना, दर आठवड्याला याच्या बटणांच्या जागा बदलतात म्हणून? बदलायच्याच. दर आठवड्याला हात बदलत होता. पुढे उजवाही थकला तेव्हा अक्षरं मोठी झाली, ओळींमध्ये अंतर आलं, आणि सगळ्यात शेवटी ती सेटिंग आली जिला तू बिनकामाची म्हणालास, नुसता बाण एका जागी थोडा वेळ धरला की टिचकी मारल्यासारखं होतं ती.

डॉक्टर म्हणाले नसांचं आहे आणि घराण्यात असू शकतं. आम्हाला मग बाबा आठवले. ते डावा हात नेहमी खिशात ठेवायचे. आम्हा मुलांना तो रुबाब वाटायचा. टिंगूने लहानपणी आरशासमोर उभं राहून त्याची नक्कलही केली होती.

मी त्याला म्हटलं, लंबूला सांग. तो म्हणाला, "सांगितलं तर तो एका मिनिटात हो म्हणेल. मग ते फडताळासाठी नसेल, माझी कीव म्हणून असेल. त्याला पटलं पाहिजे, ताई." आणि पुढे म्हणाला, "आणि तसा तो बरोबरच आहे. मीच नवा माणूस असतो तर हे उघडून पळून गेलो असतो."

त्या दिवशी जाताना तू म्हणालास, "याचे हात म्हणजे, यांना स्वस्थ बसायचं माहीतच नाही." आता तुला कळेल की मागच्या पत्रात मी ते का लिहिलं नाही. त्याला ते लागलं नव्हतं, हे तुला मुद्दाम सांगते. दार लावून आत आला आणि हात पुढे धरून म्हणाला, "ऐकलंत का महाराज, तुमची तारीफ चालली होती." आम्ही दोघंही हसलो. तू स्वतःला लावून घेऊ नकोस. तुला माहीत असतं तर तू म्हणाला नसतास, आणि माहीत नव्हतं यात तुझा काय दोष.

पण आता तुला दिसेल की ती कुणा हौशी माणसाची शे-सव्वाशे खेळणी नव्हती.

सहीचं मी अजून ठरवलेलं नाही. निम्मा महिना संपला, याची मला जाणीव आहे. सकाळी उठल्या उठल्या तीच होते.

तुझी,
डावरी ताई


२७ सप्टेंबर

प्रिय लंबू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. कागदावर लिहिलेलं, तेही चक्क चार पानं. कॉलेजात तुझ्या वह्या टिंगू लिहायचा, हे मला ठाऊक असल्यामुळे जास्तच कौतुक वाटलं. टिंगूबद्दल तू जे लिहिलं आहेस त्याला उत्तर देत नाही. वाचलं आणि त्याच्या खुर्चीच्या उशीखाली ठेवलं. तिथे मावशी रोज बसते, ऊब राहील.

तू लिहितोस की आता तू काहीच काढणार नाहीस, सगळ्या सेटिंग्ज आहेत तशा राहतील, त्याची आठवण म्हणून. हे मात्र मला नको. त्याला हेच नको होतं. फडताळ हे काही स्मारक नाही. कुणी तरी रोज उघडून त्यात फायली ठेवल्या पाहिजेत. मावशीचा त्या दिवशीचा चेहरा मी पाहिला आहे.

तेव्हा माझी सही सोबत आहे. तू साधंच कर. सही जुन्या सहीसारखी दिसणार नाही. बँक हरकत घेईल, तू घेऊ नकोस.

टेबल डुगडुगत नाही, लंबू. पेनही चांगलं आहे.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात माझ्या हातून आरसा पडला. तोंडात घालायचा छोटा आरसा असतो तो. पेशंट खुर्चीत, तोंड उघडं, आणि संध्याकाळच्या डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केलेला. मी दिला असं मला वाटलं आणि तो फरशीवर होता. आरसा पडू शकतो. पण त्याच्या आधी चिमटा पडला होता, आणि त्याच्या आधी कापसाचा डबा. पेशंट गेल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, जरा खुर्चीत बसा." मी बसले आणि सवयीने आ केला. त्या म्हणाल्या, "तोंड मिटा. हात दाखवा."

डावी करंगळी आहे. अनामिकाही थोडी.

टिंगूच्या त्याच डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी बोटं उचलायला लावली, खाली दाबली, कागदाची पट्टी बोटांत धरायला सांगितली आणि ओढून घेतली. पट्टी लगेच सुटली. तपासण्या व्हायच्या आहेत आणि ते म्हणाले की आत्ताच काही ठरवू नका, सगळ्यांचं सारखं चालत नाही, काहींचं वर्षानुवर्षं तिथेच थांबतं. मी हो हो म्हणत होते आणि त्यांच्या टेबलावरच्या कीबोर्डकडे बघत होते.

मला भीती वाटते. हे कुणाला तरी लिहायला हवं होतं, तुला लिहिलं. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी करंगळी हलवून बघते. हलली तर उठते. हलली नाही तरी उठतेच, पण तो मधला वेळ फार वाईट असतो. शाळेत बाईंनी वर्षभर माझ्या उजव्या हातात पेन्सिल कोंबून पाहिली आणि शेवटी नाद सोडला. त्यांना हे पत्र दाखवायला हवं. कसं का होईना, ओळीत येतंय.

आता कामाचं. टिंगू ज्याला भीत होता तेच मी करते आहे, कारण सांगून मागते आहे. पण मी सगळं मागत नाही, एकच गोष्ट मागते. ती न पटली तर करू नकोस. कीव म्हणून तर मुळीच करू नकोस.

आमच्या दवाखान्यात खुर्ची एक आणि डॉक्टर दोन. सकाळचे डॉक्टर उजव्या हाताने काम करतात, संध्याकाळच्या बाई माझ्यासारख्या डावऱ्या. अवजारांचा ट्रे, दिवा, पाण्याची नळी, सगळं सकाळी उजवीकडे हवं आणि संध्याकाळी डावीकडे. आता विचार कर, ते बनवणाऱ्याने जर प्रत्येक वस्तूला वेगळा स्क्रू दिला असता, हवं तसं लावून घ्या म्हणून, तर संध्याकाळचे पेशंट तोंड उघडून बसलेच असते आणि मी पाना घेऊन फिरले असते. आणि काहीच हलत नसतं, तर बाईंनी रोज वाकडं होऊन काम केलं असतं. त्याने खुर्चीखाली एक खटका दिला आहे. तो पायाने दाबायचा आणि ट्रे धरून फिरवायचा. सगळं मिळून दुसऱ्या बाजूला येतं. एक खटका, लंबू. सकाळच्या डॉक्टरांना तो आहे हे माहीतही नाही.

टिंगूने स्वतःसाठी एक एक स्क्रू फिरवत जे केलं ते तू एका खटक्यात बसव. फडताळ पहिल्यांदा उघडेल तेव्हा त्याने एकच विचारावं: काम कोणत्या हाताने करणार? दोन्ही, उजवा, डावा. आणि चौथं, टिंगूच्या शेवटच्या दिवसांसारखं, हात जवळजवळ नाहीतच. 'दोन्ही' म्हटलं की मावशीचं लख्ख फडताळ. 'उजवा' म्हटलं की टिंगूने उजवीकडे आणलेली सगळी बटणं आपोआप तिथे. त्याच्या जागा आयत्या तयार आहेत, तू बाजूला ठेवलेल्या फोल्डरमध्ये. नव्याने काही शोधायचं नाही. त्याने शोधून झालंय.

मी हे आधी मावशीवर करून पाहिलं. म्हटलं, "मावशी, फडताळाने उघडताना तुला विचारलं की कोणत्या हाताने काम करणार, तर तू गोंधळशील का?"

"त्यात गोंधळायचं काय? मी सांगेन, बाबा, दोन हात आहेत, दोन्हींनी." मग म्हणाली, "तू काय सांगशील?"

मी चहाचा कप उचलला.

"चहाचा कप उजव्या हाताने उचलायला लागल्याला तुला किती दिवस झाले," ती म्हणाली. "माझा गुडघा दुखतो गं. डोळे नाही दुखत."

त्यानंतर ती उठून आत गेली आणि भांडी उगाच जोरात लावत बसली. टिंगूच्या वेळीही तिने असंच केलं होतं. रात्रीच्या जेवणाला माझं ताट तिने न बोलता उलटं वाढलं, वाटी या बाजूला, पाणी त्या बाजूला. मी तशीच जेवले. सोपं गेलं.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तो प्रश्न एकदा विचारून नाहीसा होता कामा नये. तो दिसेल अशा जागी राहू दे, कोपऱ्यात, लहानसा, पण दिसेल असा. आज 'दोन्ही' म्हणणाऱ्याला उद्या 'उजवा' म्हणावं लागेल. परवा आणखी काही. तेव्हा त्याला शोधत बसायला लावू नकोस आणि का म्हणून विचारू नकोस. आणि बदलताना 'तुम्हाला खात्री आहे का?' असलं काही तर मुळीच विचारू नकोस. नसते खात्री.

मला आणखी किती दिवस 'उजवा' पुरेल, माहीत नाही. पण पुढच्या वेळी सकाळी ते विचारेल, नवी आवृत्ती तयार आहे, बसवू का, तेव्हा मी 'आता' दाबेन. तू तयार झालास की कळव. मावशीला सांगितलंय, या वेळी तिने हात लावायचा नाही, मी दाबणार आहे.

लेकीच्या दाताचं कळवलं नाहीस. सरळ येतोय का?

खाली नेहमीचं नाव लिहिणार होते. सवयीने 'डा' काढूनही झाला. खोडलेला दिसेल, राहू दे.

तुझी,
ताई